बावीस घरांचं बोलणं परिषदेत नेताना

प्रश्न नागपूरच्या एका एम.ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे. विषय गुन्हेगारीशास्त्र. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात असलेल्या न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्यांच्या २२ कुटुंबांशी ती बोलली आणि प्रवास, वकील, पेशी, भेट यांवर त्यांचा किती पैसा जातो ते तिने नोंदवलं. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, दोघींच्या नावाने राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचू. बारा मिनिटं मिळणार आहेत. इंग्रजी कच्चं आहे त्याचं काय करायचं, मोठे प्राध्यापक काय विचारतील, नाव कोणाचं आधी येणार, आणि पदरचे पैसे घालून एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का, असं तिने विचारलं आहे.

जा. नक्की जा. मी सुरुवातीला काही वर्षं परिवीक्षा अधिकारी होते, पुढे नागपुरातच हा विषय शिकवला. परिषदांमध्ये निबंध वाचणं, ऐकणं आणि विद्यार्थ्यांना वाचायला उभं करणं हे तीसेक वर्षं केलं. तुमच्या चारही शंकांवर पुढे लिहिते. पण तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला त्या चारांपेक्षा मोठी वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच. काय सांगायचं हे ठरवण्याआधी, काय सांगायचं नाही ते ठरवा.

कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावावर कोणी निबंध वाचला आणि एखादा आकडा चुकला, तर फार तर निबंध पडतो. आपल्या विषयात ज्याच्याबद्दल आपण बोलतो तो आत असतो, त्याचा खटला उभा असतो, आणि त्याची आई बाहेर रांगेत असते. आपल्या एका वाक्याचा भार या तिन्हींवर पडू शकतो.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिषदेत मी विधिसंघर्षग्रस्त बालकांवर, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांवर, निबंध वाचला. एका मुलाची कहाणी त्यात होती. नाव मी बदललं होतं आणि तेवढं पुरेसं आहे असं मला मनापासून वाटत होतं. तालुका सांगितला, वडिलांचा धंदा सांगितला, मोठा भाऊ कुठे कामाला आहे तेही सांगितलं, कारण त्याशिवाय कहाणी उभी राहत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्याच भागातले एक गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी त्या मुलाचं खरं नाव घेऊन विचारलं, हा तोच ना? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तोपर्यंत तो मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला होता आणि गावात ती गोष्ट बऱ्यापैकी विसरली गेली होती. निबंध छापून आला होता. मला तो परत घेता आला नाही.

ओळख नावात थोडीच असते, ती तीन-चार तपशील जुळले की उघडी पडते. तुमच्या २२ कुटुंबांत गडचिरोलीकडचं एखादं असेल, आतली व्यक्ती स्त्री असेल आणि गुन्ह्याचा प्रकार जरा वेगळा असेल, तर तुम्ही कितीही नाव बदला, विदर्भातला वकील, पत्रकार किंवा पोलीस क्षणात ओळखेल. देशातल्या बंद्यांमध्ये स्त्रिया चार टक्क्यांच्या आसपास आहेत. एका कारागृहात, एका तालुक्यातली, एका प्रकारच्या गुन्ह्यातली म्हटलं की उरते ती एकच. म्हणून तालुक्याऐवजी ‘नागपूरपासून दीडशे किलोमीटरपेक्षा लांब’ असं लिहा. गुन्ह्याचं कलम गाळा, कारण तुमचा विषय खर्च आहे, गुन्हा नाही. आणि निबंध वाचण्याआधी त्या भागातल्या, पण या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या विश्वासू माणसाला तो वाचून दाखवा. कोणाबद्दल आहे हे त्याला सांगता आलं, तर आणखी गाळा.

काही ठिकाणी तर कायद्यानेच दार बंद केलं आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. बालकांबाबत पॉक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आणि बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आहे. हे प्रसारमाध्यमांसाठीच आहे असं बरेच विद्यार्थी समजतात. मंचावरून बोललेलं आणि पुस्तिकेत छापलेलंसुद्धा यातून सुटत नाही. आता तर सत्रं थेट प्रक्षेपित होतात, समोरचे लोक तुमच्या पडद्याचे फोटो काढतात. बंद दाराआड बोलतोय असं समजून काहीही बोलू नका. कुटुंबांचे फोटो, घराचे फोटो, रांगेचा फोटो, काही नको. चेहरा पुसलेलासुद्धा नको. साडीवरून आणि चपलेवरून माणूस ओळखू येतो.

यापेक्षा नाजूक गोष्ट खटल्याची. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. संशोधक आणि त्याला माहिती देणारा माणूस यांच्यातल्या बोलण्याला आपल्याकडे ते नाही. न्यायालयाला तुमची वही मागवता येते, तुम्हालाही बोलावता येतं. बोलण्याच्या ओघात एखादी बायको म्हणून गेली असेल की ‘रागाच्या भरात त्याच्या हातून झालं जी’, आणि ते तुम्ही वहीत उतरवून ठेवलं असेल, तर ते वाक्य तुमच्या खर्चाच्या अभ्यासाला काडीचंही लागत नाही, पण त्या माणसाला महागात पडू शकतं. पुढच्या वेळी बसता बसताच सांगायचं: ताई, केस काय आहे, कोणी काय केलं, ते मला सांगू नका, खर्चाचंच बोलू. आणि याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं तुम्हाला कळलं, तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘तुम्ही सांगाल ते सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन देऊ नका. जे पाळता येणार नाही ते संमतिपत्रात लिहायचं नसतं.

संमतीवरून आठवलं. त्या कुटुंबांनी होकार दिला तो ‘कॉलेजच्या अभ्यासासाठी’. दुसऱ्या राज्यात शे-दीडशे अनोळखी लोकांपुढे तुमचं बोलणं मांडू का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळा विचारायला हवा. परत जा, विचारा. एखादं घर नको म्हणालं तर २१ घरांवर निबंध लिहा. आणि तो आकडा का कमी झाला तेही एका ओळीत लिहा, ऐकणाऱ्यांचा तुमच्यावरचा विश्वास त्याने वाढतो.

आता आकड्यांकडे. तुमच्या मसुद्यात ‘६८.१८ टक्के कुटुंबांनी कर्ज काढले’ असं वाक्य आहे. म्हणजे २२ पैकी १५. मग १५ च लिहा. बावीस घरांवर दोन दशांश स्थळांपर्यंतची टक्केवारी मांडली की समोरचा जाणकार पहिल्याच मिनिटाला वही मिटतो. सरासरीही टाळा. तुमच्याकडे एका कुटुंबाने वकिलासाठी शेत विकलं आहे. ती एक रक्कम सगळी सरासरी वर ओढते. मध्यक, म्हणजे रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी रक्कम, काढा. त्याहून बरं म्हणजे रुपयांसोबत मजुरीचे दिवस लिहा: गडचिरोलीहून एसटीने येऊन, रात्र गणेशपेठच्या बसस्थानकावर काढून, वीस मिनिटांची भेट घेऊन परत जाण्यात किती दिवसांची मजुरी बुडते. हे गणित माझ्या पाहण्यात फार थोड्यांनी केलं आहे. तुमच्या निबंधाचं खरं बळ तिथे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे प्रस्तावनेत घ्याल, घ्यावेतच. त्यांच्या कारागृह सांख्यिकीत ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारांत तीन. पण त्या जाडजूड अहवालात या लोकांच्या घरांवर काय बेतलं याचा रकाना नाही. ही पोकळी दाखवा आणि आपलं काम तिच्याशेजारी ठेवा, बास. ‘नागपुरातील वाढती गुन्हेगारी’ अशी सुरुवात मात्र करू नका. मी हे वाक्य इतक्या निबंधांत ऐकलं आहे! याच विभागाच्या महानगरांच्या तक्त्यात गुन्हे चालू वर्षाचे असतात आणि भागायची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. वर्धा रोड, हिंगणा, बेसा या बाजूंना तेव्हापासून शहर किती वाढलं ते तुम्ही रोज पाहता. जुन्या लोकसंख्येने भागल्यावर दर फुगणारच. शिवाय एका गुन्ह्यात अनेक कलमं असतील तर तिथे सर्वांत गंभीर तेवढंच मोजलं जातं, आणि नोंद वाढली म्हणजे गुन्हा वाढला असंही नसतं. कधी कधी ठाण्यात तक्रार घेणं सुधारलेलं असतं. यातलं काहीही न सांगता नागपूरला ‘गुन्हेगारी राजधानी’ म्हणणाऱ्या पडद्याला टाळ्या मिळतात, पण त्यात अभ्यास नसतो.

एक शब्द तर कायमचा खोडा. तुमच्या कुटुंबांत दोन पारधी घरं आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि मसुद्यात त्यांच्यापुढे ‘गुन्हेगार जमात’ आलं आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. सत्तर वर्षं उलटली तरी हा शब्द आपल्याच विषयाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या वहीत उतरतो. तुम्ही मुद्दाम लिहिलं नसेल हे मला ठाऊक आहे. पण त्या घरातली मुलगी उद्या हाच विषय शिकायला तुमच्या बाकावर येऊन बसू शकते. तिला वाचता येईल असंच लिहा.

नाव कोणाचं आधी? घरोघर तुम्ही फिरलात, नोंदी तुम्ही केल्या, पहिला मसुदा तुमचा, तर पहिलं नाव तुमचं आणि मंचावरही तुम्हीच. मॅडमनी विषय आखायला मदत केली असेल, प्रश्नावली तपासली असेल, मसुदा दोनदा लाल केला असेल, तर दुसरं नाव त्यांचं आणि ते मानाचं आहे. मार्गदर्शक म्हणून नुसती सही करणाऱ्याचं नाव निबंधावर येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे विद्यार्थ्याने बोलणं अवघड असतं, हेही मला माहीत आहे. म्हणून गोषवारा पाठवण्याआधीच विचारा, आणि असं विचारा: मॅडम, कोणी काय केलं ते एका कागदावर लिहून ठेवूया का? चांगल्या शिक्षकांना याचा राग येत नाही. तुमच्या मॅडम तुम्हालाच वाचायला सांगताहेत, त्यावरून त्या चांगल्याच असाव्यात.

परिषद निवडण्याबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६ च्या नियमांत पीएचडी प्रबंध देण्याआधी परिषदेत दोन निबंध वाचायची अट होती. त्या काळात प्रमाणपत्रासाठीच भरणाऱ्या परिषदा पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. २०२२ च्या नियमांत ती अट गेली, पण छत्र्या आहेतच. एका दिवसात दीडशे निबंध, प्रत्येकाला तीन मिनिटं, प्रश्नोत्तरं नाहीत, आणि शुल्क भरलं की गोषवारा न वाचताच स्वीकारला, असं दिसलं तर जाऊ नका. भारतीय गुन्हेगारीशास्त्र संस्थेची १९७० मध्ये स्थापना झाली; तिच्या परिषदांत शिक्षक, पोलीस, कारागृह अधिकारी, न्यायवैद्यकवाले असे सगळे एका मांडवाखाली येतात. पहिल्या निबंधाला अशी जागा बरी. पैशांचं म्हणाल तर विभागाकडे प्रवासभत्त्याचा अर्ज आधीच टाका आणि विद्यार्थ्यांसाठी शुल्कात सवलत आहे का ते पाहा. गाडीचं तिकीट लवकर काढा. आपण देशाच्या मध्यावर राहतो याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

इंग्रजीची भीती सोडा. पडद्यावर सोपं इंग्रजी ठेवा, बोलताना छोटी वाक्यं. पण काही शब्द भाषांतरित करू नका, ते तसेच बोला आणि एका वाक्यात उलगडून सांगा. ‘पेशी’ हा त्यातला पहिला. इंग्रजीत त्याला ‘हिअरिंग’, सुनावणी म्हणतात, म्हणजे कोणीतरी ऐकून घेतं असं वाटतं. आपल्या लोकांच्या तोंडी पेशी म्हणजे माणसाला न्यायालयापुढे उभं करणं. त्या दिवशी तो दुरून दिसेल म्हणून कुटुंब येतं, आणि पोलीस बंदोबस्त मिळाला नाही किंवा व्हिडिओच्या पडद्यावरून हजेरी झाली की न बघताच परत जातं. तुमच्या २२ पैकी ९ घरांचा खर्च अशा फुकट गेलेल्या फेऱ्यांचा आहे. सुनावणी म्हटलं तर हा मुद्दाच हरवतो. दुसरा शब्द ‘मुलाखत’. कारागृहात मुलाखत म्हणजे नातेवाइकांची भेट, संशोधनात मुलाखत म्हणजे तुमची प्रश्नोत्तरं. तुमच्या एका तक्त्यात दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द आला आहे, तो आजच दुरुस्त करा. ‘अभिवचन रजा’ (पॅरोल), ‘तडीपार’ यांचंही तसंच. परराज्यातल्या माणसाला महाराष्ट्राचे नियम माहीत नसतात.

बारा मिनिटांतली पहिली दोन एका घराच्या एका दिवसाला द्या. पहाटेच्या गाडीपासून रात्री परत पोचेपर्यंत. मग पद्धत, मग एकच तक्ता, मग जे तुम्हाला सांगता येत नाही ते. सिद्धांताची चार पानं कापा. घरी घड्याळ लावून मोठ्याने तीनदा वाचा. पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं बोलणं मध्येच तुटलं की पुन्हा जुळत नाही.

प्रश्नोत्तरांत तीन प्रकारची माणसं भेटतील. ज्येष्ठ प्राध्यापक नमुन्यावर बोलतील: बावीसच का, कारागृहाबाहेरच्या रांगेतूनच का निवडले? खरं उत्तर द्या. आत जाऊन बंद्यांशी बोलायचं तर पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते, एम.ए.च्या वेळेत ते बसलं नाही. आणि रांगेत तेच येतात ज्यांना येणं परवडतं. जे येऊच शकत नाहीत ते तुमच्या अभ्यासात नाहीत. ही मर्यादा दुसऱ्याने दाखवण्याआधी तुम्ही सांगा. पोलीस अधिकारी जरा चिडून म्हणतील, यात पोलिसांची बाजू कुठे आहे? त्यांच्याशी वाद घालू नका, बंदोबस्त का मिळत नाही ते त्यांनाच विचारा. तुमच्या पुढच्या निबंधाचं अर्धं उत्तर तिथे मिळेल. तिसरा प्रश्न सर्वांत न्याय्य आहे आणि तो कोणीतरी विचारतंच: आरोपींच्या घरांचा एवढा कळवळा, मग पीडितांच्या घरांचं काय? या प्रश्नाने खजील होऊ नका, उडवूनही लावू नका. पीडितांच्या घरांनाही त्याच न्यायालयाच्या त्याच तारखांना खेटे घालावे लागतात. महाराष्ट्रात २०१३ पासून पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आहे, तिचे पैसे हाती पडेपर्यंतचा खर्चही मोजायला हवा. तो अभ्यास मी केलेला नाही, पण करण्यासारखा आहे, असं म्हणा. जे माहीत नाही ते ‘माझ्या माहितीतून हे सांगता येत नाही’ असं स्वच्छ म्हणायला शिकलात, तर ही फेरी वाया गेली नाही असं मी समजेन.

आणि परतल्यावरचं काम. याला मी परिषदेइतकंच महत्त्व देते. तुमच्या नोंदीत बहुतेक घरांनी वकिलावर सर्वाधिक पैसा घातला आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याच्या जामिनासाठी कारागृह अधीक्षकांनी न्यायालयाकडे अर्ज करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले असलेल्यांना ते लागू नाही. ही संहिता १ जुलै २०२४ ला अमलात आली, पण त्याआधीच्या खटल्यांनाही ही तरतूद लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या २२ घरांपैकी किती जणांना हे माहीत आहे? तुम्ही विचारलं नसेल, तर परिषदेआधीच विचारा. ते निबंधातही येईल. पण निबंधासाठी थांबू नका. भेटाल तेव्हाच सांगा आणि १५१०० हा मोफत विधी सेवेचा क्रमांक लिहून द्या. त्याने अभ्यासाची तटस्थता बिघडते असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. माहीत असून न सांगणं मला कधी जमलं नाही.

मग तोच निबंध मराठीत, पडद्याशिवाय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापुढे आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे वाचा. तिथे कोणी सिद्धांत विचारणार नाही, पण कुठल्या खिडकीवर किती वेळ जातो ते विचारतील आणि तुमच्या चुका लगेच पकडतील. घरांची खरी नावं ज्या वहीत आहेत ती कुलपात ठेवा, आणि तुमच्या परीक्षेचा निकाल लागून काम संपलं की ते पान मॅडमसमोर फाडून जाळा. त्याआधी त्या यादीवरून एकदा फिरून या. दोन पानांचा मराठी सारांश न्या, वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवा. आपण जे सांगितलं त्याचं काय झालं, हे त्या घरांना बहुधा कोणीच येऊन सांगितलेलं नसतं.